सिग्नलला जळक्या ऑइलचा वास येतो? बॉनेट उघडायच्या आधी एवढी तयारी ठेवा

मागच्या एप्रिलमध्ये माझ्या गाडीत हा वास सुरू झाला, आणि तोही फक्त सिग्नलला. नागपुरात वर्धा रोडवर गाडी पळत असली की काहीच नाही, अजनी चौकात लाल लागून थांबलो की एसीच्या जाळीतून करपलेल्या तेलाचा जड वास येऊन राहिला. पंधरा दिवसांनी आईला समृद्धी महामार्गानं शिर्डीला न्यायचं होतं, 520 किलोमीटर, आणि एका गॅरेजवाल्यानं बॉनेटही न उघडता इंजिन खोलावं लागेल म्हणून सांगितलं. दोन रात्री झोप नाही आली. शेवटी निघालं काय तर टॅपेट कव्हरचं, म्हणजे इंजिनच्या वरच्या झाकणाचं, रबरी पॅकिंग. म्हणून कळकळीनं सांगतो, कोणाला गाडी द्यायच्या आधी एक सकाळ स्वतः द्या.

आधी वास नीट ओळखून ठेवा. क्लच जळला की जळक्या कागदासारखा तिखट वास येतो आणि तो चढावर नाहीतर ट्रॅफिकमध्ये हाफ क्लच दाबून ठेवला की येतो, कूलंटचा वास गोडसर असतो, आणि कधीकधी तर रस्त्यावरची पन्नी सायलेन्सरला चिकटून जळत असते. ऑइलचा वास थांबल्यावर जास्त येतो कारण चालत्या गाडीत हवा तो मागे उडवून नेते. एसी रिसर्क्युलेशनवर (बाहेरची हवा बंद, आतलीच फिरते) टाकून पाहा, वास कमी झाला तर तो बाहेरून, बहुतेक बॉनेटखालून येतोय. मागून निळा धूर निघत असेल तर ऑइल इंजिनच्या आत जळतंय, ते प्रकरण वेगळं आणि मोठं. धूर नाही, फक्त वास आहे, तर बहुतेक वेळा ऑइल बाहेर झिरपून गरम मॅनिफोल्डवर (इंजिनमधून धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांवर) पडतंय. आणि सर्व्हिसिंग होऊन एक-दोनच दिवस झाले असतील तर फिल्टर बदलताना सांडलेलं ऑइल असू शकतं, ते जळून संपतं, पण फिल्टर आणि चेंबरचा नट (खालून ऑइल काढायचा) ओला नाही ना हे पाहूनच निश्चिंत व्हा.

सामान फार नाही लागत. जुना पुठ्ठा, टॉर्च, पांढरं सुती फडकं, हातमोजे, ब्रेक क्लीनरचा स्प्रे, छोटा आरसा आणि घरातली टाल्कम पावडर. वेळ मात्र पहाटेची ठेवा. मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो आपल्याकडे, दुपारी अंगणात उभी गाडीसुद्धा हात लावू देत नाही. रात्री गाडी सपाट जागी लावा, खाली पुठ्ठा सरकवा आणि पुढचं चाक कुठं होतं त्याची खूण करून ठेवा म्हणजे थेंब कुठून पडला ते कळतं. एसीचं पाणी साधं पाणी असतं त्याला घाबरू नका, काळपट तपकिरी आणि चिकट डाग म्हणजे इंजिन ऑइल. मग थंड इंजिनवर डिपस्टिक काढून पुसून परत घालून लेव्हल पाहा. बऱ्याच छोट्या गाड्यांत खालच्या आणि वरच्या खुणेत साधारण 1 लिटरचा फरक असतो. खालच्या खुणेच्याही खाली गेलं असेल तर टॉप-अप केल्याशिवाय गाडी चालूच करू नका, आणि वरच्या खुणेच्या वर असेल तर तेही वाईट, जास्तीच्या ऑइलनं लीक वाढतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं, जे बरेच लोक करत नाहीत: आधी साफ करा, मग शोधा. वर्षानुवर्षांच्या मळक्या चिकट थरात नवीन लीक दिसतच नाही. थंड इंजिनवर क्लीनर मारून टॅपेट कव्हरची कड, ऑइलचं झाकण, फिल्टरची बूड, सगळं पुसा, पूर्ण वाळू द्या, कडेवर पावडर भुरभुरवा आणि दहा-पंधरा किलोमीटर फिरून या. ऑइल खाली आणि मागे वाहतं, म्हणून जिथं थेंब लटकतोय तिथं नाही तर जिथं सगळ्यात वर ओलं आहे तिथं बघा. माझ्याकडे मागच्या कोपऱ्यात पावडरीत बोटभर तपकिरी रेघ उमटली होती, आणि बरोबर तिच्या खाली मॅनिफोल्डच्या हीट शील्डवर काळा भाजलेला डाग.

जुनं पॅकिंग काढलं तेव्हा हातात घेऊन पाहिलं, रबर म्हणायला जागाच नव्हती, वाकवलं तर पापडासारखं तुटलं. आठ उन्हाळे झेलले होते त्यानं. मेकॅनिकभाऊंना दोन गोष्टी आधीच सांगून ठेवा: जुन्या पॅकिंगवर सिलिकॉन फासून भागवू नका, आणि बोल्ट आडवे-तिरपे, थोडे थोडे करून कसा, कारण कव्हर प्लास्टिकचं असेल तर जास्त जोरानं तडकतं. सोबत स्पार्क प्लगच्या नळ्यांचे सील आणि पीसीव्ही व्हॉल्व्ह (इंजिनच्या आतला गॅस बाहेर काढणारा) तपासून घ्या, हा व्हॉल्व्ह जाम असेल तर आत प्रेशर साठतं आणि नवीन पॅकिंगही परत गळतं.

या काळात गाडीत 1 किलोचा एबीसी पावडरवाला फायर एक्स्टिंग्विशर हवाच. वासाबरोबर बॉनेटमधून धूर दिसला किंवा ऑइलचा लाल दिवा लागला तर कडेला घ्या, इंजिन बंद करा, सगळ्यांना उतरवा. आग असेल तर बॉनेट पूर्ण उघडू नका, हवा मिळाली की भडकते.

काम झाल्यावर दोन-तीन दिवस थोडा वास राहतो, जुनं ऑइल जळत असतं. मी पन्नास किलोमीटर फिरून परत पुठ्ठा टाकला. रविवारी सकाळी उचलला, कोरडा. फडकं कव्हरच्या मागच्या कोपऱ्यातून फिरवलं, पांढरंच निघालं. सोमवारी पहाटे साडेपाचला आईला घेऊन निघालो.