कॅन्सरमध्ये कीटो डाएट करायचंय? मग या क्रमाने जा

घरात कॅन्सरचं निदान झालं की दोन दिवसांत कुणीतरी मेसेज पाठवतंच, साखर बंद करा, कॅन्सरच्या पेशी उपाशी मरतील. कीटो डाएट ही त्याचीच पुढची पायरी, भात-पोळी-साखरेतले कार्ब्ज जवळपास बंद आणि बहुतेक कॅलरी फॅटमधून. पाठवणाऱ्याला काळजी असते हे खरं, पण तेवढ्यावरून पेशंटचं जेवण तोडू नका.

आधी मूळ भानगड समजून घ्या. ऑटो वॉरबर्ग या जर्मन शास्त्रज्ञाला १९२० च्या दशकात दिसलं की कॅन्सरच्या पेशी ग्लुकोज भसाभसा ओढतात आणि ऑक्सिजन असूनही ते पूर्ण न जाळता त्याचं लॅक्टेट करून टाकतात. अशाने एका ग्लुकोजमागे २ एटीपी (पेशीची ऊर्जेची नाणी) सुटतात, पूर्ण जाळलं तर ३० च्या आसपास मिळतात. मग असा तोट्याचा धंदा कशाला? कारण पेशीला वाढायला कच्चा मालही लागतो आणि तो ग्लुकोज अर्धवट मोडताना हाती येतो. कॅन्सर शोधणारा पेट स्कॅन याच सवयीवर चालतो, जिथे ग्लुकोज जास्त ओढलं जातं तो भाग चमकतो. पण तीच इमेज नीट बघा, मेंदूसुद्धा लख्ख चमकत असतो. आणि तुम्ही कार्ब्ज बंद केले तरी लिव्हर स्वतः ग्लुकोज बनवतं, रक्तातली शुगर काही शून्यावर जात नाही, शिवाय कॅन्सरच्या पेशी ग्लुटामीन (प्रोटीनमधलं एक अमिनो ॲसिड) आणि फॅटवरही भागवतात.

कीटोवर खाली येतं ते इन्सुलिन, आणि खरी आशा तिथे आहे. २०१८ मध्ये अमेरिकी शास्त्रज्ञ लुईस कँटली यांच्या टीमने उंदरांमध्ये दाखवलं की पीआय३के (इन्सुलिनचा वाढीचा निरोप पेशीत पोचवणारं एन्झाइम) रोखणाऱ्या औषधांसोबत कीटो दिलं तर इन्सुलिन उसळत नाही आणि औषध जास्त चालतं. पण त्याच कामात ब्लड कॅन्सर झालेल्या उंदरांना नुसतं कीटो दिल्यावर आजार आणखी वेगाने वाढला. माणसांचं म्हणाल तर जर्मनीत मेंदूची गाठ पुन्हा उलटलेल्या पेशंटना रेडिएशनच्या काळात थोडे दिवस कीटो आणि उपास दिला गेला, आजार थोपवण्यात फरक दिसला नाही. म्हणून केमो किंवा रेडिएशन सोडून कीटो हा पर्याय डोक्यातून काढूनच टाका, करायचंच तर उपचारांच्या जोडीला.

आता पहिलं काम, वजन. आजचं लिहा आणि सहा महिन्यांपूर्वीचं आठवा. ६० किलोचा माणूस ५७ वर आला असेल तर ५ टक्के गेले, अशा वेळी कीटोला हात लावू नका. आकडा आठवत नसेल तर बघा, अंगठी सैल झालीय का, कानशिलं आत गेलीत का.

मग ऑन्कोलॉजिस्टला, म्हणजे कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारा, आणि विचारताना सगळ्या गोळ्यांची यादी समोर ठेवा. डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन या डायबेटिसच्या गोळ्या चालू असतील तर कीटोवर शुगर नॉर्मल दिसत असतानाही रक्तात ॲसिड वाढू शकतं, हे जिवावर बेततं. इन्सुलिन चालू असेल तर शुगर एकदम पडू शकते. टाइप १ डायबेटिस, पॅन्क्रियाटायटिस (स्वादुपिंडाची सूज), लिव्हरचा मोठा आजार, गरोदरपण, यात नकोच.

हो म्हणाले तर डाएटिशियनकडून हिशोब करून घ्या, कारण सगळ्यात मोठी चूक इथेच होते. लोक कार्ब्ज तोडतात पण तेलाची भीती आयुष्यभराची, त्यामुळे फॅट वाढवत नाहीत आणि पेशंट नुसता उपाशी राहतो. ६० किलोच्या माणसाला दिवसाला साधारण १५०० ते १८०० कॅलरी लागतात. कार्ब्ज ४० ग्रॅम म्हणजे १६० कॅलरी, प्रोटीन ७५ ग्रॅम म्हणजे ३००, उरलेल्या बाराशेसाठी जवळपास १३० ग्रॅम फॅट पोटात जायला हवं, रोज, मळमळत असताना. हे खरंच जाईल का ते पेशंटलाच विचारा, घरच्यांनी परस्पर ठरवू नका.

सुरुवात हळूहळू करा, आठ-दहा दिवसांत कार्ब्ज उतरवत न्या. पहिल्या आठवड्यात डोकं दुखतं, गळून जायला होतं, पाणी भरपूर लागतं, मीठ किती घ्यायचं ते बीपी आणि किडनी बघून डॉक्टर सांगतील. कीटोन्स, म्हणजे फॅट जळताना लिव्हर रक्तात सोडतं ते इंधन, बोटाच्या रक्तावर मीटरने मोजा, लिटरमागे ०.५ ते ३ मिलिमोल ही कीटोवरची नेहमीची रेंज. उलट्या थांबेनात, श्वास जोरात चालला, पोट दुखायला लागलं तर मीटरवर काहीही दिसो, थेट हॉस्पिटल गाठा.

वजन दर आठवड्याला एकाच वेळी, एकाच काट्यावर. लागोपाठ दोन आठवडे उतरलं तर डाएट थांबवा आणि डाएटिशियनला फोन करा. ऑपरेशन ठरलं असेल तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना कीटो चालू असल्याचं आधीच सांगा, पेट स्कॅनआधीही तसंच. आणि केमोनंतर दोन दिवस काहीच गिळवत नाहीये, फक्त फळाच्या चार फोडी जातायत असं झालं तर त्या खाऊ द्या, मायेने खाऊ द्या, कार्ब्ज त्या दिवशी मोजू नका.