कासवर प्रकल्प करताय? पेपर आणि डेटा मोफत असा मिळवा

साताऱ्यात वनस्पतिशास्त्र शिकणाऱ्यांचे प्रकल्प फिरून फिरून कासच्या पठारावर येतात. आणि दरवर्षी तीच तक्रार ऐकतो : "सर, पेपर उघडत नाही, डॉलरमध्ये पैसे मागतोय." पैसे भरू नका. टेलिग्रामवरची चोरटी प्रतही नको.

आधी गूगल स्कॉलर या शोधनिबंधांच्या शोधयंत्रावर पेपरचं शीर्षक टाका. निकालाखालच्या 'ऑल व्हर्जन्स'मध्ये लेखकाने आपल्या संस्थेच्या संकेतस्थळावर ठेवलेली प्रत पुष्कळदा सापडते. ब्राउझरमध्ये अनपेवॉल हे मोफत प्रती शोधणारं जोडसाधन (एक्स्टेंशन) बसवून घ्या. पेपरच्या पानावर हिरवं कुलूप उघडलेलं दिसलं, की कायदेशीर मोफत प्रत आहे असं समजा. तीही नसेल तर लेखकाला दोन ओळींची मेल करा. लाजू नका, आपलं काम कुणी वाचतंय याचा त्यांना आनंदच होतो.

पीएचडीचे प्रबंध गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट या केंद्राच्या शोधगंगा या ऑनलाइन भांडारात आहेत, शिवाजी विद्यापीठाचेही. प्रकरणं सुटी उतरवता येतात.

आता डेटा. इथे घाई करू नका. जीबिफ या जागतिक संकेतस्थळावर वनस्पती कुठे, कधी दिसली याच्या नोंदी असतात. मोफत खातं उघडा, शास्त्रीय नाव टाका, नकाशावर पठाराभोवती चौकट आखा आणि 'सिंपल' प्रकारची फाइल उतरवा. फाइल सीएसव्ही (म्हणजे स्वल्पविरामाने रकाने वेगळे केलेली) म्हणवते, पण आतले रकाने टॅबने वेगळे केलेले असतात. एक्सेलमध्ये थेट उघडली तर सगळं एकाच रकान्यात कोंबलं जाऊ शकतं. म्हणून 'डेटा' टॅबमधून आत घ्या.

मग तीन रकाने बघा. नोंद हर्बेरियममधल्या (वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहातल्या) नमुन्याची आहे की कुणी नुसती पाहिलेली? जागेची अचूकता किती मीटर? दुर्मीळ वनस्पतींची जागा आयनॅचरॅलिस्टवर (हौशी निरीक्षकांचं संकेतस्थळ, तिथल्या नोंदी जीबिफवरही येतात) मुद्दाम धूसर केलेली असते, ठिपका काही किलोमीटर सरकतो. कासचं फूल नकाशावर सातारा शहरात उगवलेलं दिसलं तर तो शोध नव्हे! तिसरा रकाना परवान्याचा (सीसी म्हणजे क्रिएटिव्ह कॉमन्स) : सीसी झीरोला बंधन नाही, सीसी बायला श्रेय द्यावंच लागतं, एनसी असेल तर व्यावसायिक वापर नाही. फाइल उतरवता आली म्हणजे हवी तशी वापरायची मुभा मिळाली, असं धरू नका.

प्रत्येक डाउनलोडला जीबिफ स्वतंत्र डीओआय (कायमचा ओळख क्रमांक) देतं. तो त्याच दिवशी वहीत लिहा आणि संदर्भसूचीत तोच द्या. नुसतं 'जीबिफवरून साभार' लिहिलं, तर परीक्षकाला तुमच्या नेमक्या नोंदी पुन्हा मिळणार नाहीत.

तुम्ही स्वतः पठारावर फिरून केलेल्या नोंदीही पेन ड्राइव्हमध्ये मरू देऊ नका. रकान्यांचा अर्थ सांगणारी एक छोटी टिपणफाइल जोडा, दुर्मीळ वनस्पतींची नेमकी जागा वगळा, मार्गदर्शकांची संमती घ्या आणि सर्न या युरोपीय संशोधन संस्थेच्या झेनोडो या डेटा-भांडारावर सीसी बाय परवान्याखाली चढवा. तिथे डीओआय मिळतो, खर्च काही नाही, आणि पुढच्या वर्षीच्या मुलांना सुरुवात शून्यापासून करावी लागत नाही.