मुलांचा फुटबॉल क्लब चालवायचा तर आधी माणसं उभी करा

मी सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या आडत दुकानात दिवाणजी आहे आणि संध्याकाळी मुलांच्या फुटबॉल क्लबचा खजिनदार. फुटबॉल मी कधी खेळलेलो नाही, तरी नवा क्लब काढणारे कोच सल्ल्याला येतात. त्यांना माझा पहिला प्रश्न असतो, तुमच्याशिवाय अजून कोण आहे? कारण फी, फोन, मैदानाचा अर्ज, पालकांच्या तक्रारी सगळं कोचच्याच अंगावर पडलं की तो दमतो आणि क्लब बसतो. कोचनं शिकवावं, संघ निवडावा, बस. बाकीच्यासाठी सचिव, खजिनदार, कागदपत्रं बघणारा आणि रोज मैदानावर हजर राहणारं एक माणूस, एवढे तरी हवेतच.

ही माणसं बाहेर शोधू नका. पाण्याचा जार भरून ठेवणारी आई, रिक्षातून शेजारची पोरंही घेऊन येणारे काका आधीच काम करत असतात. त्यांना बोलवा, नेमकं काम सांगा आणि सभेच्या वहीत नावानिशी लिहा. नाव लिहिलं की माणूस जबाबदारीनं वागतो, आणि त्याचा शब्दही बाकीचे ऐकतात.

संस्था नोंदवायची तर १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याप्रमाणे किमान सात सभासद लागतात. नोंदणी सहायक धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात होते आणि दरवर्षी हिशेब तपासून घ्यावा लागतो. सातही जण एकाच भावकीतले घेऊ नका. निदान दोन बाया घ्या, आणि त्या सहीपुरत्या नको, मैदानावर येणाऱ्या हव्यात.

आता पैसा. इथं मी कुणाची भीड ठेवत नाही. जो फी घेतो त्यानं खर्च करायचा नाही. क्यूआर कोड क्लबच्या खात्याचा हवा, कोचच्या मोबाईल नंबरचा नको, मग कोच कितीही सज्जन असो. बँकेत दोघांच्या सह्या ठेवा. आमच्या दुकानात संध्याकाळी शिल्लक जुळल्याशिवाय कीर्द मिटत नाही. क्लबात निदान आठवड्याला जुळवा आणि महिन्याचा जमाखर्च पालकांच्या ग्रुपवर टाका. विचारायच्या आधीच टाकला की संशयाला जागा राहत नाही.

फी माफीचं फार जपून करा. हमाली करणाऱ्याचं पोरगं असो की बंगल्यातलं, मैदानावर दोघांना सारखंच वाटलं पाहिजे. आम्ही देणगीचा वेगळा फंड ठेवलाय. माफीवाल्या मुलाची फी त्या फंडातून जमा होते आणि त्याच्या घरी इतरांसारखीच पावती जाते. नावं फक्त सचिवाला आणि खजिनदाराला माहीत. कोचलाही सांगत नाही.

खरेदी सोपी आहे. लहानग्यांना ३ नंबरचा बॉल, साधारण बाराव्या वर्षापर्यंत ४ नंबरचा, पुढं ५ नंबरचा. सामन्यात शिनगार्ड, म्हणजे नडगीला लावायची ढाल, सक्तीचे असतात, म्हणून जर्सीच्या आधी ते घ्या.

कागदपत्रांचं माणूस चिकट स्वभावाचं निवडा. जन्मदाखला, आधार, शाळेचं बोनाफाईड, फोटो, पालकांचं संमतीपत्र अशी प्रत्येक मुलाची एक फाईल हवी, आणि सगळ्याचे स्कॅन वेगळे. २०१९ आणि २०२१ चा पूर पाहिलेल्या सांगलीकरांना याचं कारण सांगायला नको. खेळाडूंची नोंदणी फुटबॉल महासंघाच्या ऑनलाईन प्रणालीत करावी लागते; राज्याची संघटना म्हणजे मुंबईत कूपरेज मैदानावरची विफा (वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन). वयात फेरफार करा म्हणणारा पालक भेटतोच. त्याला सरळ नाही म्हणा, पोरगा कितीही भारी असला तरी. लहान मुलांच्या गटात मोठा पोरगा घुसला की खरं वय सांगणाऱ्याची जागा जाते, आणि हाडांच्या तपासणीत पकडला गेला तर त्याचंही नुकसानच.

शालेय स्पर्धा आणि सुब्रतो कप मुलं शाळेकडून खेळतात, क्लबकडून नाही. म्हणून जूनमध्ये शाळा उघडल्या की सचिवानं त्या त्या शाळेच्या क्रीडाशिक्षकांना भेटून यावं. मान त्यांना द्या. क्लब आणि शाळा भांडले की सामना पोराचा बुडतो.

मुलांच्या सुरक्षेत मुरवत नको. मुलींचा सराव असेल तेव्हा मैदानावर बाई हवीच. कुठल्याही मोठ्या माणसानं एका मुलासोबत एकट्यानं थांबायचं नाही. निरोप पालकांच्या फोनवर जातील, मुलांच्या नाही. मुंबईला महालक्ष्मी एक्स्प्रेसनं रात्रीचा प्रवास असेल तर संघासोबत एक बाई, एक पुरुष, शिवाय पालकांचे नंबर आणि चालू औषधांची यादी. लैंगिक त्रासाची तक्रार आली तर ती आपसात मिटवायची नाही. २०१२ च्या पोक्सो कायद्यानं पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. १०९८ हा चाइल्डलाईनचा, मुलांच्या मदतीचा नंबर प्रत्येक मुलाला पाठ असू द्या.

वळवाचं आभाळ आलं तर खेळ थांबवायचा निर्णय मैदानावरच्या माणसाचा. कोचच्या डोक्यात सामना असतो. गडगडाट ऐकू आला की मुलं पक्क्या इमारतीत न्यायची, झाडाखाली नाही, आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं बाहेर काढायची नाहीत.

पालकांना लाईनपासून चार पावलं मागं उभं करा. ‘मार की! पास कशाला देतोस?’ असं बाप ओरडला की पोरगं बॉल सोडून बापाकडं बघतं. हे सांगायला कोच नको, दुसरा पालकच हवा, त्याचं ऐकतात. तक्रार सामन्याच्या दिवशी घ्यायची नाही, दुसऱ्या दिवशी सचिवाकडं. आणि संघनिवडीत देणगीदाराचा फोन आला तर तो खजिनदारानं घ्यावा, कोचपर्यंत जाऊ देऊ नये. मी असे फोन घेतो आणि हात जोडून नाही म्हणतो.

पदं दोन-तीन वर्षांनी बदला, पण नवा माणूस जुन्यासोबत एक हंगाम काढू द्या. सोपवताना कीर्द, पावती पुस्तकं, नोंदणीचा पासवर्ड, बॉलच्या खोलीची किल्ली समोरासमोर मोजून द्या आणि दोघांच्या सह्या घ्या. बँकेतल्या सह्या त्याच आठवड्यात बदला. विश्वस्त बदलले असतील तर बदल अर्ज ९० दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयात गेला पाहिजे. आवक शिक्का मारलेली प्रत नव्या सचिवाच्या फाईलला लावा.