सत्तावन्न किलोंची रिकामी जागा

कुस्ती थांबल्यावर महाविद्यालयात प्रशिक्षक व्हावे असे ज्यांच्या मनात आहे, त्यांना ढाक, कलाजंग किंवा एकेरी पट या डावांचे बारकावे मी सांगायला नकोत. नोकरीच्या कागदांविषयीही थोडक्यातच लिहितो. शारीरिक शिक्षण संचालकाच्या पदासाठी एम.पी.एड.ला (शारीरिक शिक्षणातली पदव्युत्तर पदवी) ५५ टक्के गुण आणि नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा लागते. राज्यस्तरावरच्या पदकाने ती अट टळत नाही, आणि हे वेळेवर न कळल्यामुळे मी पाच वर्षे मानधनावर काढली. पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा सहा आठवड्यांचा अभ्यासक्रम उरकून छातीवर ‘कोच’ लिहिलेला टी-शर्ट घालणारे पुष्कळ दिसतात. जमत असेल तर तिथली पदविकाच करावी, असे माझे मत आहे.

मी फसलो तो मल्लाचे वजन उतरवण्याच्या बाबतीत, आणि म्हणून त्याविषयी जरा सविस्तर लिहिणार आहे.

मी मालवणच्या किनाऱ्यावरचा. शिकलो मात्र गगनबावड्याचा घाट चढून, कोल्हापूरच्या तालमीत. स्पर्धेच्या आधी चार-पाच दिवस पाणी तोडायचे, रबरी जाकीट घालून पळायचे आणि काट्यावर उतरायचे, ही पद्धत मी वस्तादांकडून उचलली आणि तिच्याच जोरावर विद्यापीठाचे सुवर्णपदकही मिळवले. ज्या पद्धतीने आपण जिंकलो तिच्यावर शंका घ्यावी, असे विजेत्याला सुचतच नाही. माजी विजेता प्रशिक्षक म्हणून धोकादायक ठरू शकतो तो इथे.

आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत एका वजनगटात महाविद्यालयाचा एकच मल्ल उतरतो आणि सांघिक गुण सगळ्या गटांचे मिळून मोजले जातात. त्यामुळे रिकामा गट प्रशिक्षकाला सलतो. माझ्याकडे ६१ किलोत पक्का मुलगा होता, ५७ मध्ये कोणीच नव्हते, आणि साडेएकसष्ट किलोंचा दुसरा एक चपळ मुलगा बसून होता. मी त्याला पाच दिवसांत साडेचार किलो उतरवायला सांगितले.

महिना ऑक्टोबरचा होता. घाटावर घाम येतो आणि वाळतो. तो वाळताना अंगातली उष्णता घेऊन जातो. आमच्या किनाऱ्यावर हवाच इतकी दमट असते की घाम नुसता निथळतो, म्हणजे पाणी जाते आणि उष्णता आतच राहते. त्यावर रबरी जाकीट घातले की काय होणार, हे मला त्या वेळी कोणी विचारले असते तर सांगताही आले असते, पण मी स्वतःला ते विचारले नाही. पाचव्या दिवशी संध्याकाळी काटा ५७.८ वर अडला होता. मुलगा पुळणीवर फेऱ्या मारत होता, तेवढेच वजन उतरावे म्हणून मधेच थांबून प्लास्टिकच्या बाटलीत थुंकत होता. मग त्याचा घाम थांबला. अंग कोरडे आणि तापलेले लागत होते. ही उष्माघाताची खूण असते, मी मात्र त्याला म्हणालो, “आणखी एक फेरी घे.” ती फेरी पुरी झाली नाही.

रुग्णालयात त्याला सलाइन लावलेले असताना त्याची आई आली. ती ओरडली नाही. “सर, झिलाक उपाशी कित्याक ठेवलात?” एवढेच तिने विचारले.

१९९७ साली अमेरिकेत महाविद्यालयांतले तीन मल्ल असेच वजन उतरवताना महिना-सव्वा महिन्याच्या आत दगावले. त्यानंतर तिथे रबरी पोशाखावर बंदी आली आणि आठवड्याला शरीराच्या वजनाच्या दीड टक्क्यापेक्षा जास्त उतरवायचे नाही, असा नियम झाला. साडेएकसष्ट किलोंच्या मुलासाठी हे सुमारे ९०० ग्रॅम होतात, म्हणजे ज्या कामाला पाच आठवडे हवे होते त्याला मी पाच दिवस दिले होते. पॅरिस ऑलिंपिकमध्ये २०२४ साली विनेश फोगाट १०० ग्रॅम जास्त भरल्याने बाद झाली तेव्हा अनेकांनी काट्याला दोष दिला. मला वजन उतरवण्यात गेलेली तिची आदली रात्र डोळ्यांसमोर आली.

हे वाचून घाबरून जाऊ नका. तो मुलगा बरा झाला. पुढच्या वर्षी त्याने ६१ मध्येच निवड चाचणी दिली आणि ती जिंकून स्पर्धेत उतरला. दुसऱ्या फेरीत हरला आणि मॅटवरून उतरताच त्याने आधी डबा उघडला. चूक सुधारता येते, मात्र तिच्यासाठी वस्तादांचे नाव पुढे करू नये. माझ्या वस्तादांबद्दल मला आदर आहे. पण मल्लाला तहान लागली तर त्याचे मन कच्चे आहे, असे सांगणारा गुरू कितीही मोठा असला तरी या एका बाबतीत त्याचे ऐकू नये. आठ दिवसांत चरबी वितळवणाऱ्या पावडरींचे डबे तर मी तालमीत ठेवूच देत नाही.

आता दर वर्षी जुलैपासून प्रत्येक मुलाचे वजन सरावाआधी आणि सरावानंतर वहीत लिहिले जाते. सरावात किलोभर उतरले तर ते लिटरभर पाणी आहे, हे त्यांना पाठ झाले आहे. प्रवेशिका भरण्याच्या दिवशी मी ती वही घेऊन प्राचार्यांकडे जातो. ५७ किलोंच्या रकान्यासमोर गेली दोन वर्षे नाव नाही. ते विचारतात, मी वही उघडून दाखवतो, आणि ते सही करतात.