दोस्त देशांचा करार खरेदीखतासारखा वाचा

चोपड्यात दुय्यम निबंधक कार्यालयासमोर मी बावीस वर्षं खरेदीखतं लिहितोय. भाचा एमपीएससी करतो. परवा म्हणाला, "मामा, अमेरिका-जपानचा सुरक्षा करार डोक्यात बसत नाही." म्हटलं, आण इकडं. १९ जानेवारी १९६० ला सह्या झालेला, दहा कलमांचा तर कागद.

सुरुवातीची शांतता-मैत्रीची वाक्यं भरभर ओलांडा. खतातलं "राजीखुशीने, कोणाच्याही दबावाशिवाय" असतं ना, तसलीच ती. पेन्सिल काढायची ती पाचव्या कलमाला.

तिथं म्हटलंय, "जपानच्या प्रशासनाखालील प्रदेशात" दोघांपैकी कुणावर सशस्त्र हल्ला झाला तर. 'प्रशासन' या शब्दाला गोल करा. मालकी नव्हे, कब्जा! आमच्या वडिलांनी तापीकाठी दीड एकर घेतलं तेव्हा सातबाऱ्यावर नाव विकणाऱ्याचं होतं, पेरत होता त्याचा चुलतभाऊ. अकरा वर्षं तारखा केल्या. तेव्हापासून कुठलाही कागद असो, मी आधी कब्जा बघतो.

आता नकाशा घ्या. सेनकाकू बेटांवर चीन हक्क सांगतो, पण ताबा जपानचा. म्हणून पाचवं कलम तिथं लागू. ओबामांनी २०१४ मध्ये टोकियोत हे उघड सांगितलं. होक्काइडोच्या वरची चार बेटं मात्र जपान आपली म्हणतो आणि तिथं बसलाय रशिया. तिथं हे कलम चालत नाही. भाच्यानं दोन्हीकडं बोट ठेवून पाहिलं. "आते समजनं!"

चतुःसीमाही बघा. त्यात हवाई नाही, कॅलिफोर्निया नाही. अमेरिकेच्या भूमीवर हल्ला झाला तर या कलमानं जपान बांधला जात नाही.

मग क्रियापद. प्रत्येक देश आपल्या घटनात्मक तरतुदींप्रमाणे समान धोक्याला तोंड देईल, एवढंच लिहिलंय. फौज पाठवीलच, असं नाही. खत लिहिणारा हुशार होता.

मोबदला सहाव्या कलमात: अमेरिकन सैन्याला जपानात जागा आणि सोयी. त्या तळांचा मोठा भार ओकिनावावर आहे, आणि तिथल्या लोकांची तक्रारही जुनी आहे.

मुदत दहाव्यात. पहिली दहा वर्षं सरल्यावर कुणीही नोटीस द्यावी, वर्षभरानं करार संपतो. आजवर कुणी दिलेली नाही.

भाच्याला आता १९७१ चा भारत-सोव्हिएत करार दिलाय. नवव्या कलमातलं क्रियापद शोधून आणलं की पुढचा चहा.