टेनिसच्या डब्ल्यू-१५ दौऱ्यावर सोबत जाताना: आई-बाबांसाठी

मुलगी टेनिसच्या ज्युनिअर स्पर्धांमधून डब्ल्यू-१५, डब्ल्यू-३५ या महिलांच्या सुरुवातीच्या पातळीच्या व्यावसायिक स्पर्धांकडे वळली की घरात पहिला प्रश्न येतो, बरोबर कोण जाणार? आयपिन (खेळाडूचा नोंदणी क्रमांक), ड्रॉ (कोण कुणाशी खेळणार ती मांडणी), साइन-इन (स्पर्धेला पोहोचल्यावरची हजेरी) हे तुम्हाला ठाऊक आहे असं धरते. हे लिहितेय ते बॅग उचलून सोबत निघणाऱ्यांसाठी.

पैशांचं आधीच स्पष्ट सांगते. डब्ल्यू-१५ च्या मेन ड्रॉमध्ये, म्हणजे पात्रता सामन्यांनंतरच्या मुख्य स्पर्धेत, पहिल्या फेरीत हरलं की साधारण दीडशे डॉलर मिळतात, त्यातून कर कापला जातो. दोघींचा प्रवास, हॉटेल, गटिंग (रॅकेटला तारा बसवणं) यांपुढे ही रक्कम कुठेच पुरत नाही. गुणांचंही तसंच. मेन ड्रॉमध्ये एक सामना जिंकला की १ गुण, अख्खी स्पर्धा जिंकली तर १५. डब्ल्यूटीएच्या, म्हणजे महिला टेनिसच्या जागतिक क्रमवारीच्या, यादीत नाव यायला तीन स्पर्धांत गुण हवेत किंवा एकूण १० गुण. कित्येक महिने मुलीच्या नावापुढे क्रमांकच नसतो आणि नातेवाईक विचारत राहतात. विचारू देत. आपल्या टेनिसपटू ऋतुजा भोसलेने २०२३ मध्ये हांगझोऊला रोहन बोपण्णाबरोबर एशियाडचं मिश्र दुहेरीचं सुवर्ण जिंकलं तेव्हा ती २७ वर्षांची होती. या खेळात वेळ लागतो, तुमची मुलगी मागे पडलेली नाही.

आठवडा कसा जातो? प्रवेशिका स्पर्धेच्या सोमवारच्या १८ दिवस आधी, गुरुवारी बंद होतात, आपल्याकडे संध्याकाळी साडेसातला. परतीचं तिकीट मात्र आधी काढता येत नाही, कारण ती सोमवारी हरेल की रविवारपर्यंत टिकेल हे कुणालाच माहीत नसतं. ऑर्डर ऑफ प्ले, म्हणजे दुसऱ्या दिवशीच्या सामन्यांचा क्रम, आदल्या संध्याकाळी लागते आणि त्यात वेळ फक्त कोर्टवरच्या पहिल्या सामन्याची पक्की. तुमचा तिसरा असेल तर दुपारी एकही वाजेल, चारही वाजतील. जेवण कधी द्यायचं, हाच दिवसभराचा प्रश्न. मी छोटा कुकर नेते. मूगडाळीची खिचडी आणि केळी यांवर आमचे बरेच सामने झालेत.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. एका स्पर्धेत सामन्याच्या आदल्या दिवशी मुलीला उलट्या-जुलाब सुरू झाले. संध्याकाळी हॉटेलजवळच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर भले होते. तपासून म्हणाले, "अंगातलं पाणी गेलंय. एक बाटली चढवू, सकाळी ठणठणीत." मला हायसं वाटलं. आपल्याकडे अशक्तपणा आला की सलाईन लावतातच, यात वावगं काय? सुई टोचायच्या आत मुलीनेच हात मागे घेतला. "आई, मला हे चालत नाही."

तिचं बरोबर होतं. १२ तासांत १०० मिलीपेक्षा जास्त द्रव शिरेतून घेणं ही वाडाच्या (जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या) यादीत बंदी असलेली पद्धत आहे. नेहमीची बाटली ५०० मिलीची असते. आत नुसतं मीठ-पाणी असलं तरी बंदी आहे, कारण असं पाणी भरलं की रक्त-लघवीतल्या खुणा पुसट करता येतात. स्पर्धा नसताना, घरी, सुट्टीतही बंदी. अपवाद आहे तो रुग्णालयातल्या उपचाराचा, शस्त्रक्रियेचा आणि निदानासाठीच्या तपासण्यांचा. गल्लीतल्या दवाखान्याचा बाक किंवा हॉटेलची खोली त्यात बसेल असं कृपा करून धरू नका. अमेरिकेचा ऑलिम्पिक जलतरणपटू रायन लॉक्टी याला २०१८ मध्ये याच नियमाखाली १४ महिन्यांची बंदी झाली. शिरेतून घेतलेल्या द्रवात बंदी असलेलं काहीही नव्हतं. त्यानेच टाकलेल्या फोटोवरून ते उघड झालं. "डॉक्टरांनी दिलं", "आईने नेलं" म्हणून खेळाडूची जबाबदारी टळत नाही.

खोकल्याच्या औषधाचंही असंच. दुकानात सर्रास मिळणाऱ्या कित्येक सिरपमध्ये टर्ब्युटालिन हे श्वासनलिका मोकळं करणारं औषध असतं आणि त्यावर स्पर्धा असो वा नसो, कायम बंदी आहे. प्रत्येक बाटलीवरची बारीक अक्षरं वाचा. औषधाचं नाव तेच असलं तरी पुन्हा वाचा, घटक बदलतात.

पण घाबरून उपचार टाळू नका, हेही तितक्याच जोराने सांगते. लेकरू खरंच कोसळलं असेल तर सरळ मोठ्या रुग्णालयात दाखल करा, लागेल ते सलाईन लावू द्या. तपासणीचे कागद, डिस्चार्ज कार्ड, वेळ लिहिलेली बिलं जपा. तातडीच्या उपचारासाठी टीयूई, म्हणजे उपचारापुरती सूट, नंतरही मागता येते. एक स्पर्धा सोडली तर काही बिघडत नाही. मुलीला त्या दिवशी रात्रभर चमच्याचमच्याने ओआरएस पाजलं, तेवढ्याने भागलं.

कोर्टच्या कडेला सल्ला देणारे खूप भेटतील. जो पालक पहिल्याच भेटीत कुठली पावडर घ्यावी ते सांगतो, त्याच्यापासून मी लांब राहते. डब्यावर न छापलेलं काय आत असेल याची खात्री नसते. त्याउलट गटिंग करणारी माणसं, जुने चेअर अंपायर यांच्याशी बोला, त्यांना वर्षानुवर्षांची मुलं माहीत असतात. दुसरं म्हणजे मोनास्तिर. ट्युनिशियात जवळपास दर आठवड्याला स्पर्धा असते, तिथे गुण सोपे मिळतात असं तुम्हाला सांगितलं जाईल. मला हे पटत नाही. आधी सोलापूर, नागपूर, पुण्यात खेळवा. आजारी पडली तर निदान डॉक्टरांशी आपल्या भाषेत बोलता येतं.

पोहोचल्या दिवशीच स्पर्धेच्या डेस्कवर डॉक्टर कोण आणि जवळचं रुग्णालय कुठलं ते विचारून घ्या. ओआरएसच्या पुड्या, थर्मामीटर आणि एक कागद बॅगेत ठेवा: "ही खेळाडू आहे. शिरेतून १२ तासांत १०० मिलीपेक्षा जास्त द्रव देऊ नये. दाखल करण्याची गरज असेल तर कृपया तसं सांगा." मराठीत, हिंदीत आणि इंग्रजीत. हा कागद पुढे केल्यावर आजवर एकाही डॉक्टरने वाईट वाटून घेतलेलं नाही.