अमेरिकी कॉलेजच्या अर्जात घरची आर्थिक परिस्थिती कशी मांडावी

घरची परिस्थिती बेताची आहे हे कळलं तर प्रवेश नाकारतील का? उत्तर कॉलेजागणिक बदलतं, म्हणून निबंधाला हात घालण्याआधी धोरण तपासा. 'नीड-ब्लाइंड' कॉलेजं निर्णय घेताना तुम्ही आर्थिक मदत मागितली आहे की नाही हे पाहत नाहीत. 'नीड-अवेअर' पाहतात, आणि काठावरच्या अर्जाला त्याचा फटका बसतो. मेख अशी की बरीच कॉलेजं फक्त अमेरिकी विद्यार्थ्यांपुरती नीड-ब्लाइंड असतात. परदेशी अर्जदारांनाही तोच नियम लावणारी हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, ॲमहर्स्ट अशी मोजकीच. शिवाय नीड-ब्लाइंड म्हणजे पूर्ण मदत नव्हे. सिद्ध झालेली गरज, म्हणजे खर्चातला घरच्यांना न झेपणारा आणि कॉलेजनं मान्य केलेला भाग, १०० टक्के भागवतात का, हे वेगळं बघा.

मदतीचा रकाना झाकला तरी परिस्थिती झाकली जात नाही, आणि ते तुमच्या फायद्याचंच आहे. आईवडिलांचं शिक्षण आणि व्यवसाय कॉमन ॲपमध्ये, म्हणजे अनेक कॉलेजांसाठी एकत्र भरायच्या ऑनलाइन अर्जात, विचारतातच. शाळेची माहिती कौन्सेलर, म्हणजे शाळेतला मार्गदर्शक, पाठवतो. हाती काय होतं आणि त्यातून मुलानं काय केलं, हे अर्ज वाचणारा ताडून पाहतो. शाळेत प्रगत गणित शिकवतच नसतील, तर ते न घेतल्याचा ठपका तुमच्यावर येत नाही. मात्र ही गोष्ट शाळेच्या पत्रात लिहिलेली हवी. कौन्सेलर नसेल तर मुख्याध्यापकांना तसं स्पष्ट सांगा.

सगळ्यात जास्त चूक होते ती कॉमन ॲपमधल्या उपक्रमांच्या यादीत. जागा १०, प्रत्येकाच्या वर्णनाला १५० अक्षरं. धाकट्या भावंडांना सांभाळणं, दुकानात बसणं याला मुलं 'उपक्रम' मानतच नाहीत आणि रकाना रिकामा सोडतात. घरची जबाबदारी आणि पगारी काम असे दोन्ही प्रकार त्या यादीत आहेत. 'घरी मदत केली' यातून काही कळत नाही. 'दोन भावंडांचा स्वयंपाक, शाळेची ने-आण. आई रात्रपाळीला' यातून सगळं कळतं. आठवड्याचे तास आणि वर्षातले आठवडे यांना वेगळे रकाने आहेत. त्यासाठी अक्षरं खर्च करू नका. निबंधात हलाखीचं वर्णन ताणू नका. काय घडलं, त्याचा अभ्यासावर काय परिणाम झाला, तुम्ही काय केलं, एवढं पुरे.

उत्पन्नाची कागदपत्रं वेगळ्या वाटेनं जातात. फाफसा हा सरकारी आर्थिक मदतीचा अर्ज अमेरिकी नागरिक आणि ठरावीक पात्र रहिवाशांसाठी असतो. परदेशी विद्यार्थ्यांकडून अनेक कॉलेजं सीएसएस प्रोफाइल, म्हणजे कुटुंबाच्या उत्पन्नाचा तपशील देणारा ऑनलाइन अर्ज, मागतात. त्याची मुदत प्रवेश अर्जाच्या मुदतीहून वेगळी असू शकते. वडिलांची नोकरी नुकतीच गेली असेल तर गेल्या वर्षीच्या कागदांवर ते दिसणार नाही. तारखेसह वेगळं पत्र जोडा.

प्रवेशाची शक्यता वाढेल म्हणून मदतीच्या प्रश्नाला 'नाही' म्हणायचं आणि नंतर मागायची, हा बेत परदेशी अर्जदारांनी आखू नये. अनेक कॉलेजांत अर्जाच्या वेळी मदत मागितली नाही, तर पुढची चारही वर्षं मागता येत नाही.